कोटातले दादा आणि पन्नासची लेन्स

आमच्या घराच्या भिंतीवर माझ्या वडिलांचा, म्हणजे दादांचा, एक फोटो होता. त्यात त्यांनी कोट घातला होता, टाय बांधला होता आणि तोंड घट्ट मिटलं होतं. या तिन्ही गोष्टी त्यांनी हयातीत कधी केल्या नाहीत.

दादा जुन्या नाशकातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. लग्नपत्रिका, हँडबिलं आणि पतपेढ्यांच्या वार्षिक अहवालांसाठी शिशाचे खिळे जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा असा एकही फोटो निघाला नाही. छापखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा एक ग्रुप फोटो होता. त्यात मागच्या रांगेत, डावीकडून चौथे, तुरीच्या डाळीएवढे दादा. काका तो फोटो घेऊन मेन रोडजवळच्या एका स्टुडिओत गेले. त्या काळी स्टुडिओवाल्यांकडे तयार धडं असायची. पुरुषांसाठी कोट-टाय, टोपी-उपरणं, फेटा. बायकांसाठी काठापदराची पाचवारी किंवा नऊवारी. डोकं आपण न्यायचं, धड ते द्यायचे. मग रिटचिंगवाला बारीक ब्रशने मानेवरचा जोड रंगवून टाकायचा. काकांनी कोट निवडला. “जरा साहेबासारखा दिसू दे,” ते म्हणाले. ज्या माणसाने उभा जन्म साहेबांची टवाळी केली, त्याला मेल्यावर साहेब करून तेराव्याच्या आत आम्ही भिंतीवर टांगलं.

ग्रुप फोटो परत आला तो आईने ट्रंकेत ठेवला. भिंतीवरच्या फोटोची काच ती रोज सकाळी पुसायची आणि वर एक फूल ठेवायची. त्या फोटोबद्दल तिने कधी बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. तिला तो आवडला असावा असं मी धरून चाललो. घरातल्या माणसाच्या गप्प बसण्याचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे आईला काचबिंदू निघाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्यात दिवसातून दोनदा थेंब सुरू झाले. “हा बाहेरून आत येतो,” डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. “आधी कडा जातात, मधलं शेवटपर्यंत राहतं. गेलेलं परत येत नाही.” दर काही महिन्यांनी एक तपासणी असायची. एका अर्धगोल भांड्यात तोंड घालून बसायचं, आत बारीक दिवे लुकलुकायचे, दिसला की बटण दाबायचं. मग एक कागद छापून यायचा. जिथे दिसत नाही तिथे काळं. आईच्या कागदावर चारी बाजूंनी काळं होतं आणि मध्ये एक वेडावाकडा पांढरा ठिपका. पुढच्या वेळी तो जरा लहान झालेला असायचा. आई विचारायची, “पास का नापास?” मी म्हणायचो, “काठावर.” हे उत्तर अगदीच खोटं नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं की आईचा एक फोटो काढायचा. तिच्या स्वतःच्या मानेवर तिचं स्वतःचं डोकं असलेला. आणि तो तिला मी समोर बसलेला दिसतोय तोवर काढायचा, कारण नंतर तिची नजर फोटोत कुठेतरी तिसरीकडेच गेली असती.

मी एका शाळेत ग्रंथपाल होतो. कॅमेरा मला पंचवटीतल्या एका लग्नांच्या फोटोग्राफरकडून मिळाला, पण नुसती बॉडी. लेन्स त्याने दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी ठेवून घेतल्या होत्या. म्हणूनच तर ती मला परवडली. पुढच्या भोकाला प्लॅस्टिकचं टोपण लावलेला तो काळा ठोकळा मी घरी आणला तेव्हा बायकोने तो उलटसुलट करून पाहिला.

“भांडं आणलंत, झाकण आणलंत. आत काय शिजवायचं?”

आईने हात पुढे केला, चाचपला आणि म्हणाली, “डोळाच नाही की रे याला. बरं झालं, मला सोबत झाली.”

आता लेन्स घ्यायची होती, आणि माझ्या पगारात एकच बसणार होती. म्हणजे चूकही एकदाच करता येणार होती.

यातली मुख्य अडचण उजेडाची होती. त्याच वर्षी भाचीच्या लग्नात स्टेजवर फोटोग्राफरने आईच्या तोंडावर फ्लॅश उडवला आणि ती क्षणभर कुठे आहोत तेच विसरली. पुढचं पाऊल स्टेजच्या बाहेर पडलं. बायकोने धरलं म्हणून निभावलं. फ्लॅशने डोळ्याला इजा होत नाही असं डॉक्टर म्हणाले. “मग त्यांच्या डोळ्यात मारून बघ,” आई म्हणाली, “आणि माझ्या तोंडावर पुन्हा वीज पाडायची नाही.” आमचं घर पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. खिडकी एकच. सकाळी नऊ ते दहा समोरच्या चुन्याच्या भिंतीवर ऊन यायचं आणि त्यातलं थोडं उसळून आमच्या खोलीत. दिवसाचा उजेड म्हणून आम्हाला जो काही मिळायचा तो एवढाच. फोटो काढायचा तर त्यातच.

लेन्सवर एक आकडा असतो. तो जितका लहान तितकं तिचं भोक जास्त उघडतं आणि तितक्या कमी उजेडात भागतं. मी हे बायकोला समजावून सांगितलं.

“आकडा लहान तर भोक मोठं? कोणी ठरवलं हे?”

“गोऱ्यांनी.”

“तरीच.”

एम. जी. रोडच्या बाजूला एका बोळात कॅमेऱ्याच्या सामानाचं छोटं दुकान होतं. रोल, अल्बम, सेल आणि जुन्या लेन्स. दुकानदार साठीचा, एक चष्मा कपाळावर आणि दुसरा नाकावर. त्याने माझं ऐकून घेतलं आणि लगेच सांगितलं, “सर, फिफ्टी घ्या. पन्नास एमएम, एक पॉइंट आठ. प्लॅस्टिकची आहे, दिसायला काही नाही, झूम नाही. जवळचा हवा तर दोन पावलं पुढे जा, लांबचा हवा तर मागे सरका. आईंचा फोटो काढायचाय ना? खिडकीत बसवा, झालं.”

इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर मला ते घ्यावंसं वाटेना. मी म्हणालो, “विचार करतो.”

माझा विचार आठ महिने चालला.

वाचणाऱ्या माणसाला निर्णय टाळण्यासाठी कारणं कधी कमी पडत नाहीत. शाळेच्या ग्रंथालयाला कोणीतरी परदेशी फोटोग्राफीच्या मासिकांचे जुने गठ्ठे दान दिले होते. मी ते सगळे वाचले. एका वहीत रकाने आखले. नवी पन्नासची. सेकंडहँड पस्तीस-सत्तरचा झूम, ज्याचा आकडा मोठा, म्हणजे भोक लहान. एका ओळखीच्या ओळखीतून मिळू शकणारी अठ्ठावीसची, पण ती जवळून माणसाचं नाक वाढवते असं वाचलं होतं, आणि आमच्या घरात ती गरज कोणालाच नव्हती. एकशे पस्तीसची एक जुनी, दणकट, सुंदर लेन्स त्याच दुकानात होती. उजेडात धरली तर आतल्या काचेवर बुरशीचं कोळिष्टकासारखं जाळं दिसायचं. “फोटोत येत नाही हो ते,” दुकानदार म्हणाला. मग जरा थांबून, “लगेच येत नाही.”

त्यातच मी गावातल्या छायाचित्रकारांच्या एका मंडळात जाऊ लागलो. दर महिन्याला सभा व्हायची. सभेत शाल, नारळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय आणि उरलेल्या वेळात फोटोग्राफी. अध्यक्षांची लेन्स प्रेशर कुकरएवढी होती आणि ती ते मांडीवर बाळासारखी घेऊन बसायचे. पश्चिमेकडच्या डोंगरी तालुक्यांत जाऊन म्हाताऱ्या बायकांच्या सुरकुत्या टिपण्यात त्यांचा हातखंडा होता. अशा एका फ्रेमखाली त्यांनी ‘जीवनसंध्या’ असं लिहिलं होतं. मी त्या बाईचं नाव विचारलं. ते त्यांना माहीत नव्हतं. शटर स्पीड माहीत होता.

“फिफ्टी?” ते मला म्हणाले. “अहो, ती पोराटोरांची लेन्स. पहिल्या दिवशी घेतात, दुसऱ्या दिवशी विकतात.”

“मला आईचा फोटो काढायचाय.”

“मातृत्व! उत्तम विषय. पण त्याला झूम हवा. लांबून, नकळत टिपायचं. पहाटेची वेळ, धुरकट स्वयंपाकघर, आई जात्यावर बसलीये...”

“आमच्याकडे मिक्सर आहे.”

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. मी त्यांची चेष्टा करीत घरी आलो आणि तरीही वहीत झूमच्या रकान्यात एक बरोबरची खूण वाढवली. आपण ज्याला हसतो त्याचंच ऐकतो, हे माझ्या बाबतीत अनेकदा झालं आहे.

त्या आठ महिन्यांत घरात काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं असं नाही. आई ताटातलं लोणचं शोधू लागली. दाराच्या चौकटीला खांदा लागला की “आज दार सरकलंय” म्हणायची. भाजीवाल्या बाईला आवाजावरून ओळखू लागली आणि तिला वाटायचं की हे आमच्या लक्षात आलेलं नाही. मग एका सकाळी मी दाढी करीत असताना तिने फुलाची वाटी घेतली, भिंतीशी गेली, कोटातल्या दादांची काच पुसली आणि फूल ठेवलं. ते फ्रेमच्या कडेपासून वीतभर अंतरावर, नुसत्या भिंतीला टेकलं आणि खाली पडलं. तिला पडल्याचा आवाज आला नाही. फुलाला कसला आवाज? ती नमस्कार करून आत गेली. बायकोने फूल उचललं, जागेवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिने बोलायला हवं होतं. मला बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी मी दुकानात गेलो.

“शेवटी फिफ्टीच ना?” दुकानदाराने काउंटरखालून खोकं काढलं. “आठ महिन्यांपूर्वी तुम्ही विचार करतो म्हणाला होतात.”

“केला.”

“मग काय निघालं?”

“फिफ्टी.”

तो हसला नाही. हसला असता तर बरं, असं वाटण्याचा तो दिवसच होता.

रविवारी सकाळी नऊला मी आईला खिडकीशी बसायला सांगितलं. तिने लेन्स हातात घेऊन वजन बघितलं. “एवढीशीच? या वजनाचा तर लाडू असतो.” मग सहज विचारावं तसं म्हणाली, “भिंतीवर जागा बघून ठेवलीस वाटतं माझी.”

“काहीतरीच काय, आई.”

“आणि कुठल्या धडावर बसवणार? नऊवारी नको बाबा. आता जमत नाही मला नेसायला.”

मी कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी खेळत बसलो. आठ महिने जी गोष्ट मी तिच्यापासून लपवत होतो ती तिला पहिल्या दिवसापासून माहीत होती. “तसं करावं लागू नये म्हणूनच तर...” एवढंच म्हणालो.

“कळतं मला. पण आधी यांचं कर.”

ती उठली, ट्रंकेपाशी गेली आणि तळातून तो ग्रुप फोटो काढून आणला. “यांना त्या कोटातून बाहेर काढ. दहा वर्षं मी तोंड मिटलेल्या माणसाची काच पुसतेय. कोण आहे तो मला ठाऊक नाही. हे गप्प कधी होते? या फोटोतसुद्धा बोलतायत. त्या स्टुडिओवाल्याने तोंड मिटवलं यांचं, ब्रशाने.”

“काय बोलत होते?”

“घरी येऊन सांगितलं होतं ना. मालक मधल्या खुर्चीवर, गळ्यात हार, छाती ही एवढी, आणि डाव्या बुटाची नाडी सुटलेली. फोटोवाला ‘स्माइल’ म्हणाला आणि हे शेजारच्याला म्हणाले, नाडी बघ साहेबांची. नेमका तेव्हाच खटका दाबला त्याने.” आई हसली, मग थांबली. “मला दिसतंय तोवर मला ते तोंड बघायचंय. माझं काय, मी इथेच आहे.”

तेव्हा मला कळलं की फोटो मला एक हवा होता आणि तिला दुसराच. आणि घाई तिच्या फोटोला जास्त होती.

मी ग्रुप फोटो खिडकीत ठेवून कॅमेऱ्यातून पाहिलं. पन्नासची लेन्स दीड फुटाच्या आत धूसर होते. दीड फुटावरून पंचेचाळीस माणसं नीट दिसत होती आणि दादा तुरीच्या डाळीएवढेच राहिले होते. कॅमेरा आणि तो फोटो घेऊन पुन्हा दुकान गाठलं. दुकानदाराने फोटो पाहिला, लेन्स कॅमेऱ्यातून काढली आणि उलटी करून, पुढचं तोंड कॅमेऱ्याकडे, तशीच हाताने दाबून धरली. “बघा.”

मी डोळा लावला. काउंटरवरच्या वर्तमानपत्रातलं एक अक्षर ढेकणाएवढं होऊन डोळ्यात आलं.

“उलटी धरली की भिंग होतं तिचं. फिरवायचं काही नाही, आपणच पुढे-मागे व्हायचं. श्वास धरून. ही छोटी म्हणून हाताने धरता तरी येते, तुमच्या अध्यक्षांची धरून दाखवा म्हणावं.”

पुढच्या रविवारी मी ते केलं. ग्रुप फोटो पुस्तकांच्या थप्पीला टेकवला. बायको मागून काळी शाल धरून उभी, लेन्सच्या फटीतून उजेड शिरू नये म्हणून. मी गुडघ्यांवर. एक केसभर पुढे गेलं तर दादांचा कान स्पष्ट, केसभर मागे तर काहीच नाही. आणि मग एकदाचं ते तोंड आलं. उघडं, एका बाजूला कललेलं, वरच्या रांगेतला एक दात नसलेलं. तो दात नव्हता हे मी विसरलो होतो. कोटातल्या दादांच्या मिटल्या तोंडात सगळे दात असावेत असंच कोणालाही वाटलं असतं. रोल संपायच्या आधी मी कॅमेरा खाली सरकवत खुर्चीपर्यंत नेला. मालकांच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती.

छत्तीसपैकी चार फोटो बरे आले. यानंतर मी जे केलं ते इतरांनी केलं असतं तर मी त्यावर चांगला अर्धा तास बोललो असतो. मी दादांचा फोटो शक्य तितका मोठा करून घेतला, सागवानी फ्रेम करवली, कागदात गुंडाळून रिक्षातून आणला आणि आईला खुर्चीत बसवून समोर धरला. फक्त शाल-नारळ तेवढं राहिलं.

आई पुढे वाकली. डोकं हळूहळू हलवत राहिली, भिंतीवरची पाल शोधावी तसं. “हा कान,” ती म्हणाली. “ही कॉलर का रे? ...ही मिशी. हां, मिशी.” मग पुन्हा कानाकडे गेली. “अरे, हे कुठेत यात?”

मी फोटो मागे नेला. मागे उजेड कमी होता. पुन्हा पुढे आणला. तिने चष्मा काढला, पुसला, लावला. “चांगला झालाय हो,” ती शेवटी म्हणाली. तिच्या वाढदिवसाला मी आणलेल्या साडीबद्दल म्हणायची त्याच आवाजात.

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं: बाहेरून आत येतो, मधलं राहतं. मी काळे कागद पाहिले होते, पांढरा ठिपका पाहिला होता. मासिकांचे गठ्ठे वाचले होते. पण ज्याच्याकडे बघायला एक लहानसं भोक उरलंय त्याला मोठा फोटो कसा मावेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मोठं म्हणजे चांगलं, हे अध्यक्षांचं मत मी नकळत घरी घेऊन आलो होतो.

लॅबच्या पाकिटात नमुन्याच्या पोस्टकार्डाएवढ्या प्रिंट होत्या. बायकोने त्यातली एक काढून आईच्या हातात दिली. आईने ती धरली, हात लांब केला, जरा जवळ घेतला, पुन्हा लांब केला आणि एका जागी थांबवला.

“हां,” ती म्हणाली.

खाली गल्लीत मेथीवाला ओरडत होता.

“बोलतायत,” ती म्हणाली.

मी म्हणालो, आता तो कोटाचा फोटो काढून टाकू. तिने मान हलवली. “राहू दे. इतकी वर्षं फुलं घातली त्याला. त्याचा काय दोष?” सागवानी फ्रेम कपाटावर गेली. पोस्टकार्ड तिच्या थेंबांच्या डब्यात राहायला लागलं. थेंब घातले की पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं, मग उघडून ते बघायचं.

उरला तिचा फोटो. त्याच महिन्यात शाळेत नव्या वाचनकक्षाचं उद्घाटन होतं. कक्षात संगमरवरी पाटी होती, पुस्तकं यायची होती. मुख्याध्यापक म्हणाले, तुमच्याकडे कॅमेरा आहे तर तुम्हीच काढा. फीत, कात्री, पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे. छत्तीस फोटो संपले. नकार देता आला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा तसाच खिडकीत पडला होता. नऊ वाजले होते. आई खुर्चीत बसली होती, पोस्टकार्ड हातात धरून. समोरच्या भिंतीवरचं ऊन तिच्या गालावर आलं होतं. तिने मान वर केली आणि नेमकं माझ्याकडे पाहिलं, त्या उरलेल्या ठिपक्यातून.

“काढ,” ती म्हणाली. “आता काढ.”

कॅमेऱ्यावर छत्तीसचा आकडा होता. पण रोल भरताना जपून भरला तर कधीकधी सदतिसावा मिळतो. मी रोल पुढे सरकवायचा दांडा ओढला, तो फिरला. लेन्स पूर्ण उघडली. इतक्या जवळून, इतकी उघडल्यावर पन्नासची लेन्स फक्त दोन बोटांची जाडी स्पष्ट दाखवते. त्याच्या पुढचं-मागचं सगळं विरघळतं. हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं, दोनदा अधोरेखित. मी घाईत रिंग फिरवली, काहीतरी एकदम लख्ख स्पष्ट दिसलं, आणि खटका दाबला. पुन्हा दांडा ओढला तर तो अडला.

“उद्या नवा रोल आणतो,” मी म्हणालो.

“बघू.”

फोटोत तिच्या हातातलं पोस्टकार्ड लख्ख आलं. तिचा अंगठा, अंगठ्यावरची विळीची जुनी खूण, दादांचं उघडं तोंड, अगदी तो नसलेला दातसुद्धा. मागे तिचा चेहरा मऊ, वाफेतून दिसावा तसा. डोळे आहेत हे कळतं. माझ्याकडे बघतायत हे मला माहीत आहे म्हणून कळतं.

मी रोल आणला. पण आधी तिला ताप होता, मग दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन, मग मीच शाळेच्या तपासणीत अडकलो. वर्ष गेलं. त्या वर्षाअखेरीस छापून आलेल्या कागदावर पांढरं शोधावं लागत होतं. मी पुन्हा एकदा खिडकीशी खुर्ची ठेवली तेव्हा ती बसली नाही. “आता नको. मला तू दिसत नाहीस. मला न दिसणाऱ्याने मला बघत बसावं, हे नाही आवडत.” अध्यक्षांना हे ऐकवायला हवं होतं, असं माझ्या मनात आलं. माझ्या मनात अशा वेळीही असंच काहीतरी येतं.

दोन वर्षांनी ती गेली. काका आता थकले होते, तरी काठी टेकत माझ्याबरोबर स्टुडिओत आले. तोच स्टुडिओ. ब्रशाच्या जागी कॉम्प्युटर आला होता. स्टुडिओच्या मालकाने तो सदतिसावा फोटो स्कॅन करून पडद्यावर आणला आणि तो चुकचुकला.

“अहो साहेब, यात आईंचा चेहराच नाही. हरकत नाही. मतदार ओळखपत्र असेल ना? त्यातला चेहरा काढून इथे बसवतो. जोड ओळखू येणार नाही. आणि हातातलं हे कार्ड पुसून टाकू.” त्याने एक बटण दाबलं. पडद्यावर डोकी नसलेल्या साड्यांची रांग आली. “पैठणी, काठापदर, जांभळी, मोतिया. कुठली?”

काका पुढे सरकले. “जांभळी छान दिसेल वहिनीला.”

“आहे तसाच काढून द्या,” मी म्हणालो.

“लोक काय म्हणतील? एवढा मुलगा, एक फोटो धड काढता आला नाही?” काका म्हणाले. ते रागाने नव्हे, खरंच कळवळून म्हणाले. आणि त्यात चूक काही नव्हतं.

“पण माझ्या स्टुडिओचं नाव जातं ना साहेब,” मालक म्हणाला. “केवढा करू?”

“पोस्टकार्डाएवढा.”

आता भिंतीवर कोटातले दादा आहेत. त्यांना बायको रोज फूल ठेवते. त्यांच्या शेजारी एक लहान फ्रेम आहे. पाहुणे आधी तिच्या जवळ जातात, मग मागे होतात, मग पुन्हा जवळ येतात आणि विचारतात, “हलला का हो फोटो?” हलला म्हणून सांगितलं की विषय संपतो. हल्ली सगळ्यांकडे डिजिटल कॅमेरे आले आहेत आणि शाळेतला एखादा नवा शिक्षक मला विचारायला येतो, सर, स्वस्तातली पहिली लेन्स कुठली घेऊ? पन्नासची घ्या, मी म्हणतो. तो म्हणतो, बघतो, अजून दोन-चार ठिकाणी विचारतो. मी म्हणतो, आजच घ्या. तो हसतो. त्याला वाटतं, सरांचं दुकानदाराशी काहीतरी साटंलोटं आहे.

फ्रेमसमोर मी एकटा असतो तेव्हा मीही तेच करतो. जवळ जातो, मागे होतो. दादा बोलत असतात. आईचा चेहरा मला अंदाजानेच बघावा लागतो. शेवटची दोन वर्षं तिने माझा बघितला, तसाच.